साष्टी व मुंबई येथील ख्रिस्ती देवळांचे जीर्णोद्धार

साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास, भाईंदर पूर्वेकडील ज्या वसाहतीस इंद्रलोक असें पौराणिक नांव मिळालें आहे, तेथें प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य आहे. तेथून रेल्वेचा मार्ग ओलांडून पश्चिमेस निघालें म्हणजे प्रथम भाईंदरचें नाझरेथमातेचें देऊळ लागतें. पुढें राई, मुर्धें व मोर्वें हीं गांवें मागें टाकल्यावर डोंगरीचें बेथलेहेममातेचें, आणि अखेरीस उत्तन येथें समुद्रमातेचें. काशी-मिऱ्याच्या बाजूस संत जेरोमचें देऊळ आहे तें निराळें. साष्टींतील, वसईंतील व मुंबईंतील अशा जुन्या देवळांच्या फलकांवर बहुधा सोळाव्या किंवा सतराव्या शतकांतील एखादें वर्ष लिहिलेलें असतें. पाहणारा तें वर्ष वाचतो, समोरची वास्तु पाहतो, आणि दोहोंचा संबंध जोडून मोकळा होतो. पुष्कळ ठिकाणीं हा संबंध खोटा असतो. फलकावरील वर्ष हें त्या स्थानीं उपासना सुरू झाल्याचें वर्ष होय. उभी असलेली वास्तु त्यानंतर एकदां, दोनदां, क्वचित् तीनदां नव्यानें उठलेली असते.

दुसरी एक समजूत याहून अधिक रूढ आहे. ती अशी कीं, या प्रांतीं जेथें म्हणून ख्रिस्ती देवळाची पडकी भिंत दिसेल तेथें ती इ. स. १७३९ त मराठ्यांनीं पाडली असें मानावें. हें विधान कोणी अभिमानानें करितो, कोणी विषादानें. पुरावा मात्र दोघेही मागत नाहींत. वास्तविक या दोन समजुती एकाच आळसाचीं दोन अंगें आहेत. वास्तु केव्हां नवी झाली हें ज्यानें विचारलें नाहीं, तो जुनी कां गेली हेंही विचारीत नाहीं. म्हणून साष्टी, वसई व मुंबई येथील कांहीं देवळांच्या पडण्याचीं व पुन्हां उभारण्याचीं कारणें, जेवढीं निश्चित सांगतां येतात तेवढीं, येथें एकत्र करण्याचें योजिलें आहे.

आरंभीं शब्दांविषयीं थोडेंसें. साष्टींतील जुना ख्रिस्ती समाज, ज्यानें इ. स. १८८७ पासून ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें, तो आपल्या मराठी बोलींत उपासनागृहास देऊळच म्हणतो. इगर्जी हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला. येथें देऊळ हाच शब्द योजिला आहे. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांनीं आणखी दोन सावधगिरी बाळगाव्या. गोमंतकांतील सासष्टी व ठाणें प्रांतांतील साष्टी हे दोन निरनिराळे प्रदेश असून फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण, जें इ. स. १६१६ त राचोल येथें छापलें गेलें, तें पहिल्या प्रदेशांतील. तें आमच्या साष्टींत घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसेंच, वसईच्या मोहिमेच्या कागदांत जें धारावी येतें तें माहीमजवळचें नव्हे. तें डोंगरी-उत्तनचें धारावी बेट होय, व तेथील चौक गांवाजवळ त्या किल्ल्याचें स्थान आजही दाखवितात.

आतां वास्तूकडे वळूं. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील साष्टी-मुंबईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि तेव्हांपासून पुढील दोनशें वर्षांत या पट्टींत देवळांची रांग लागली. त्यांचा सांचा बहुशः एकच आहे. एक लांबट दालन, त्याच्या शेवटीं अरुंद व घुमटीदार गर्भागार, दर्शनीं दोन किंवा तीन मजल्यांची दगडी भिंत, तिच्यावर अर्धस्तंभ, आडव्या पट्ट्या व माथ्यावर त्रिकोणी किंवा वळणदार शिखर, बाजूस घंटेचा मनोरा, आणि पुढच्या आवारांत एक दगडी क्रूस. अंगच्या भिंती चुन्यांत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या. घडीव काळा पाषाण कोपऱ्यांस, दारांस व कमानींस तेवढा. दालनावर लांकडी कैच्या व कौलें, खिडक्यांस कांचेऐवजीं पातळ शिंपांचीं तावदानें. नकाशा युरोपांतला, परंतु दगड, चुना, साग आणि पाथरवट-सुतारांचे हात हे सर्व येथलेच. वसईचा घडीव दगड तर गलबतांतून गोव्यासही जात असे. जुन्या गोव्यांतील बॉं जेझू या इ. स. १६०५ त पूर्ण झालेल्या प्रसिद्ध देवळाच्या जांभ्याच्या दर्शनी भिंतीवरील कोरीव काळा दगड वसईचाच आहे.

या सांच्यांत त्याच्या नाशाचेंही बीज आहे. कोंकणचा पाऊस प्रथम छपरास खातो. कौलें सरकलीं कीं कैच्या कुजतात, कैच्या बसल्या कीं दालन उघडें पडतें. मात्र जाड भिंती व गर्भागाराची कमान शतकानुशतकें टिकून राहतात. इ. स. १६१८ च्या मे महिन्यांत जें भयंकर वादळ झालें त्यांत वांद्र्याच्या संत आंद्रेच्या देवळाचें छप्पर उडालें. तें देऊळ जेझुइटांनीं इ. स. १५७५ च्या सुमारास बांधलेलें होतें. अर्थात् अर्ध्या शतकाच्या आंतच त्यास नवें छप्पर घालण्याचा प्रसंग आला, व त्या वेळीं मराठ्यांचें राज्य जन्मासही आलें नव्हतें. माझ्या मतें या देवळांचें वय ठरवितांना दालनाकडे अगोदर पाहूंच नये. गर्भागार, मनोऱ्याचा पाया व दाराची चौकट हीं आधीं पाहावीं.

छपरापुरतें नव्हे तर सबंध देवळाचें पुनर्निर्माण किती लवकर होत असे याचा उत्तम पुरावा वसईच्या किल्ल्यांत आहे. तेथील संत योसेफाचें मुख्य देऊळ सोळाव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालें. त्याच्या दारावरील पोर्तुगीज शिलालेख डॉ. गेर्सन द कुन्हा यांनीं इ. स. १८७६ च्या आपल्या चौल-वसईवरील ग्रंथांत दिला आहे. त्याचा आशय असा कीं, इ. स. १६०१ त, आलेइशो द मेनेझिस हे आर्चबिशप असतांना व पेद्रु गाल्वांव परेरा हे तेथील धर्माधिकारी असतांना, या देवळाची नवी रचना झाली. म्हणजे वसईच्या मुख्य देवळाची शिला स्थापनेचा उच्चार करीत नसून जीर्णोद्धाराचा करिते. आमच्या वास्तुग्रंथांत व आगमांत जीर्णोद्धार हा प्रतिष्ठेहून वेगळा विधि सांगितला आहे. मूर्ति हलवावी कशी, जुनें द्रव्य कोठें ठेवावें, नव्या वास्तूंत काय घ्यावें, याचे नियम आहेत. तो विचार ख्रिस्ती देवळांसही लावून पाहिल्यास पुष्कळ गोष्टी उलगडतात, हें पुढें दिसेल.

प्रथम मराठ्यांच्या आधींचा एक थर सांगणें न्याय्य होय. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत नटराजाचें व शिवविवाहाचें शिल्प आहे. फ्रे आंतोनियु दु पोर्तु या फ्रान्सिस्कन साधूनें सोळाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत तें शैव लेणें घेऊन तेथें दयामातेचें देऊळ केलें आणि वर टेकडीवर मुलांसाठीं विद्यालय बांधलें, ज्याच्या भिंती आजही छपराविना उभ्या आहेत. लेण्यांतील शिल्पें भिंतीआड गेलीं. एका ठिकाणीं क्रूस कोरलेला दिसतो. मंडपेश्वर या नांवाचें पोर्तुगीजांच्या तोंडीं मोंपासेर झालें, व पुढें इंग्रजी अमदानींत त्याचें माउंट पॉइन्सर झालें! शब्दाचा असा प्रवास पाहिला म्हणजे वैयाकरणासही हंसूं येतें. त्या एका टेकडीवर गुहा, देऊळ, विद्यालय व पुन्हां शैव लेणें अशा चार अवस्था एकावर एक आहेत. मोडतोडीचा हिशेब मांडावयाचा तर तो या ठिकाणापासून मांडावा लागेल, आणि तो एकतर्फी राहणार नाहीं.

आतां इ. स. १७३९. ठाणें व साष्टी मराठ्यांनीं १७३७ त घेतलीं. वसईच्या शरणागतीचा करार पोर्तुगीजांच्या गणनेनें १६ मे १७३९ रोजीं झाला, तोच दिवस इंग्रजांच्या जुन्या पंचांगानें ५ मे. कागदांत दोन्ही तारखा येतात व अकरा दिवसांच्या या अंतरामुळें कित्येक लेखक दोन निरनिराळ्या घटना कल्पितात. करारान्वयें पोर्तुगीज शिबंदीस मानानें, चीजवस्त घेऊन जाण्याची मोकळीक मिळाली व मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मुभा मिळाली. ही मुभा केवळ कागदावर नव्हती. आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान इ. स. १७६० च्या अखेरीस कान्हेरी पाहावयास साष्टींतून गेला, तेव्हां मराठ्यांच्या अमलांत ख्रिस्ती लोकांचे धर्मविधि मोकळेपणानें चाललेले त्याला आढळले. युद्धांत देवळांची हानि झाली, मठांचे साधू गेले, उत्पन्नें तुटलीं, आणि ज्या वास्तूंची निगा गोव्याच्या पैशावर चाले त्या ओस पडल्या; हें सर्व खरें. परंतु पाडणें व ओस पडणें यांत भेद आहे.

वांद्र्याची हकीकत तर लोकसमजुतीच्या अगदीं उलट आहे. तेथें जेझुइटांचें संत अ‍ॅनचें विद्यालय व देऊळ होतें. मराठे जवळ येतांच, तें त्यांच्या हातीं जाऊन माहीमच्या खाडीवर मारा करण्याचें ठाणें होऊं नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्यानें तें जमीनदोस्त करण्यांत आलें. वाचलें तें संत आंद्रेचें देऊळ. त्याच्या आवारांतील एकाच शिळेचा उंच क्रूस, ज्यावर येशूच्या यातनांचीं चिन्हें कोरलीं आहेत, तो या मोडलेल्या विद्यालयांतून तेथें आणलेला आहे. म्हणजे आज वांद्र्यास जेझुइट विद्यालयाची जी सर्वांत ठळक खूण उरली ती दुसऱ्याच देवळाच्या अंगणांत आहे. त्याच धामधुमींत डोंगरावरील मरियमची मूर्ति खाडीपलीकडे माहीमच्या संत मायकेलच्या देवळांत नेली गेली, व सुमारें वीस वर्षांनीं, इ. स. १७६१ त, परत आली. आगमांत ज्यास बालालय म्हणतात, म्हणजे जीर्णोद्धार होईतों मूर्ति तात्पुरत्या स्थानीं ठेवणें, त्याहून हें वेगळें तें काय?

मुंबई बेटाविषयीं तर प्रश्नच उद्भवूं नये. तें इ. स. १६६५ त इंग्रजांच्या ताब्यांत गेलें आणि मराठ्यांच्या हातीं कधींच आलें नाहीं. तरीही तेथील बहुतेक जुनीं पोर्तुगीज देवळें आपल्या मूळ रूपांत राहिलेलीं नाहींत. किल्ल्याजवळच्या मैदानांत एस्पेरांसामातेचें देऊळ होतें. तोफांच्या माऱ्यास मैदान मोकळें हवें म्हणून इंग्रजांनीं तें इ. स. १७६० त पाडलें व देऊळ भुलेश्वराकडे गेलें. मागें राहिलेल्या दगडी क्रुसावरून त्या जागेस क्रॉस मैदान हें नांव पडलें. माझगांवचें ग्लोरियामातेचें देऊळ इ. स. १६३२ चें; तें इ. स. १९११ त काढून भायखळ्यास १९१३ पर्यंत नवें, उंच मनोऱ्याचें, गॉथिक धर्तीचें बांधलें. येथें शत्रूही नाहीं आणि तोफही नाहीं. शहर सरकलें, देऊळ त्याच्यामागून गेलें. साष्टींत कोंडिवट्याजवळचें संत जॉन बाप्टिस्टचें देऊळ इ. स. १५७९ चें, इ. स. १८४० त आलेल्या सांथीमुळें गांव उठला, देऊळ मरोळास गेलें, आणि जुन्या देवळाची दर्शनी भिंत आज सीप्झच्या कारखान्यांच्या कुंपणांत सांपडली आहे. तिच्याकडे बोट दाखवून मराठ्यांचें नांव घेणारे आम्हीं स्वतः ऐकले आहेत. सांथीचें नांव कोणी घेत नाहीं.

इंग्रजांच्या स्वतःच्या देवळांसंबंधीं येथें विस्तार नको. त्यांवर इंग्रजींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. संत थॉमसचा पाया जेराल्ड ऑंजियर याच्या वेळीं पडला, १६७७ त तो वारला, आणि अर्धवट भिंती चाळीस वर्षें तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याच्या खटपटीनें १७१८ च्या नाताळास देऊळ उघडलें. कुलाब्याचें अफगाण चर्च हेन्री कॉनिबेअर याच्या नकाशावरून झालें व ७ जानेवारी १८५८ रोजीं त्याचें समर्पण झालें. मनोऱ्याचा सुळका १८६५ त पुरा झाला. या दुसऱ्या देवळानें मुंबईंत टोंकदार कमानीची जी आवड लाविली तिचा परिणाम पोर्तुगीज परंपरेच्या देवळांवरही झाला, एवढेंच येथें लक्षांत घ्यावयाचें. भायखळ्याचें ग्लोरिया हें त्याचें एक उदाहरण, आणि वांद्र्याच्या डोंगरावरील मरियमचें इ. स. १९०४ चें सांप्रतचें देऊळ हें दुसरें. त्याचे शिल्पज्ञ शापूरजी चंदाभॉय हे पारशी होते. पोर्तुगीजांचें स्थान, आंग्ल धर्तीची कमान, पारशी शिल्पज्ञ, आणि भाद्रपदाच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेंत मेणबत्त्या घेऊन रांगेंत उभे हिंदु, मुसलमान व पारशी: मुंबईचा इतिहास एका डोंगरावर याहून थोडक्यांत वाचावयास मिळणें कठीण.

कागद शोधणाऱ्यांस उपयोगी अशी एक गोष्ट येथेंच सांगतों. इ. स. १७२० त इंग्रजांनीं पोर्तुगीज साधूंस मुंबईंतून काढून देवळें रोमनियुक्त कार्मेलाइटांच्या हवालीं केलीं. पुढें १७९४ त चार देवळांची वांटणी झाली. ग्लोरिया व दादरचें साल्व्हेशन हीं गोव्याच्या आर्चबिशपाकडे, आणि एस्पेरांसा व माहीमचें संत मायकेल हीं रोमच्या प्रतिनिधीकडे गेलीं. हा दुहेरी अधिकार १९२८ पर्यंत चालला. म्हणून पहिल्या दोहोंच्या बांधकामाचा पत्रव्यवहार गोव्याच्या बाजूस धुंडाळावा, दुसऱ्या दोहोंचा रोमच्या बाजूस. एकाच शहरांतील शेजारच्या देवळांचे कागद दोन खंडांत असणें ही मुंबईची खास अडचण आहे.

याच चारांपैकीं दोन देवळें आमच्या हयातींत नवीं झालीं. माहीमचें संत मायकेल इ. स. १९७३ त पुन्हां बांधलें गेलें. तेथें १९४८ पासून दर बुधवारीं जी नोव्हेना होते तिच्या गर्दीस जुनें दालन पुरतें ना. दादरचें साल्व्हेशन, ज्यास लोक पोर्तुगीज चर्च म्हणतात, तें मूळ इ. स. १५९६ चें, त्याच्या जागीं चार्ल्स कोरिया यांनीं १९७४ ते १९७७ या काळांत अगदीं निराळी वास्तु उभारिली. दर्शनी भिंत नाहीं, मनोरा नाहीं, कमान नाहीं. उघडीं अंगणें आणि झांकलेलीं दालनें एकमेकांत गुंतविलेलीं. दालनांवर कांक्रीटचीं शंकूसारखीं कवचें, ज्यांच्या माथ्यांतून उजेड उतरतो व तापलेली हवा वर निघून जाते. जुन्या वळणाच्या माणसास प्रथमदर्शनीं हें देऊळ वाटत नाहीं. परंतु अंगणाभोंवतीं वास्तु रचणें व वाऱ्यास वाट ठेवणें ही या देशाची वाड्यांची व मठांची रीत आहे. आणि त्या दृष्टीनें पाहतां दादरचें कांक्रीट भायखळ्याच्या गॉथिकाहून अधिक येथलें आहे, असें आमचें मत झालें आहे. रूप युरोपीय आणि हात येथले, ही जी जुनी स्थिति होती, ती दादरास प्रथमच पुष्कळ अंशीं पालटली.

मग १५९६ पासून दादरास काय टिकलें? जागा टिकली, मातेचें नांव टिकलें, आणि उपासकांचा ग्राम टिकला. इतरत्र आणखी कांहीं टिकतें: मरोळास बाप्तिस्म्याचें कुंड, वांद्र्यास क्रूस व मूर्ति. कधीं कधीं तर केवळ शब्द टिकतो. वसईंतील रमेदी या जागेचें नांव तेथील रेमेदियोस मातेच्या देवळावरून पडलें. रमा किंवा मेदिनी यांच्याशीं त्याचा संबंध जोडण्याचे पांडित्य कोणीं करूं नये. जीर्णोद्धारांत सर्वांत आधीं बळी पडतात ते मात्र जमिनींत बसविलेले थडग्यांचे दगड. वसईच्या किल्ल्यांत फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनीच्या देवळांत असे लेख जमिनीवर पुष्कळ आहेत, त्यांवर नावें, पदव्या व वर्षें आहेत, आणि प्रेक्षकांचीं पावलें त्यांवरून रोज जातात. डॉ. द कुन्हा यांनीं जीं अक्षरें १८७६ त वाचलीं त्यांपैकीं कित्येक पुढील पिढीस वाचतां येणार नाहींत. गांवोगांवच्या चालत्या देवळांत फरसबंदी बदलण्याचें काम निघालें कीं असे दगड उलटे बसविले जातात अथवा मलब्याबरोबर जातात. सभासदांपैकीं जे साष्टी-वसईंत राहतात त्यांनीं काम निघण्यापूर्वीं धर्मगुरूंची परवानगी घेऊन ठसे घ्यावे. कागदाचा ठसा व दोन छायाचित्रें, एवढें पुरे.

घंटांचें मात्र उलट झालें आहे. त्या वितळविल्या गेल्या नाहींत, दूर गेल्या म्हणून राहिल्या. वसईच्या विजयानंतर तेथील घंटा मराठ्यांनीं नेऊन आपल्या देवस्थानांस अर्पण केल्या. भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, आणि सर्वांत प्रसिद्ध ती नाशिकास गोदातीरीं नारोशंकराच्या देवळाच्या आवारभिंतीवर. देऊळ सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनीं इ. स. १७४७ त बांधलें. घंटेवर १७२१ हें वर्ष ओतलेलें आहे. म्हणजे घंटा देवळाहून सव्वीस वर्षांनीं वडील आहे, आणि तिच्यावरून देवळाचें वय काढूं पाहणारा तितक्याच वर्षांनीं चुकेल.